खडूच्या दोन रांगा

फळीवरचा चहाचा डबा काढायला बायकोने डावा हात वर नेला. तो खांद्याच्या रेषेत येऊन अडला. तिने ओठ दाबले, हात खाली घेतला आणि उजव्या हाताने डबा काढला. एवढंच झालं. स्वयंपाकघराच्या दारात बूट हातात घेऊन उभ्या असलेल्या त्याने ते पाहिलं आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. लिफ्टदुरुस्तीच्या धंद्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला अर्ध्यावर अडलेली गोष्ट दिसली की चैन पडत नाही. कुठे अडलं, का अडलं, कुणी हात लावला. "हात दुखतोय?" त्याने विचारलं. "काही नाही हो. उचललं असेल काहीतरी," ती पाठमोरीच म्हणाली. काय उचललं? घरात उचलण्यासारखं होतंच काय? पाण्याच्या बादल्या तो स्वतः भरून ठेवायचा, गॅसची टाकी तोच सरकवायचा. आणि उचललंच असेल तर डाव्या हाताने कसं? ती डावखुरी नव्हती. डाव्या दंडाचा उपयोग हल्ली सगळं शहर एकाच कामासाठी करत होतं. बाही वर करायची, सुई टोचून घ्यायची, वर फोटो काढायचा आणि दोन दिवस हात दुखतो म्हणून कौतुकाने कण्हत बसायचं. त्याने चहा घेतला आणि बूट चढवले. बिघाड सापडेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, नुसतं बघत राहायचं, ही त्याची जुनी सवय होती.

लस घ्यायची नाही हे त्यांचं ठरलं होतं. म्हणजे त्याने ठरवलं होतं आणि ती 'बरं' म्हणाली होती. लग्न झाल्यापासून ती 'बरं' म्हणत आली होती आणि त्याने कधी त्या शब्दाचं झाकण उघडून आत पाहिलं नव्हतं. आज चार मजले उतरताना त्याला पहिल्यांदा वाटलं की त्या सगळ्या 'बरं'मध्ये खरी किती आणि तोंडदेखली किती, कुणाला ठाऊक. इमारतीला लिफ्ट होती, चांगली चालणारी होती, पण तो जिन्यानेच जायचा. त्याच्याबरोबर राहून तीही जिन्यानेच जायची. लोक हसायचे. हलवाई आपली मिठाई खात नाही, तसं आहे हे, म्हणायचे. हसू देत. लिफ्टमधल्या त्या चकचकीत पट्टीवर 'तपासणी झाली' असं लिहिलेलं असतं, ती तपासणी कशी होते हे त्याने पाहिलं होतं. साहेब खालीच खुर्चीवर बसतात, सही करतात, चहा पितात, निघतात. दोर कुणी बघत नाही. कुंपणच शेत खातं तिथे दाद कुणाकडे मागायची? जिन्याचा कठडासुद्धा तो धरत नसे. चढताना डाव्या हाताला येणाऱ्या त्या लोखंडी कठड्याचे खिळे गिलाव्यात किती खोल गेले आहेत हे बांधणाऱ्यालाच माहीत. दुसऱ्या मजल्यावर, बाईंच्या दाराबाहेर, एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती. ही पूर्वी नव्हती. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. लस निघाल्यापासून त्यांच्या अंगात आलं होतं, दार वाजवून वाजवून लोकांना केंद्रावर नेत होत्या. खुर्चीकडे बघत तो क्षणभर थांबला. जिन्यात खुर्ची टाकून कुणाची वाट बघतात या? मग त्याला आठवलं, गेले काही दिवस बायको भाजी घेऊन यायला फार वेळ लावत होती, आणि परवा तो वर येत असताना बाईंच्या दारातून तिचा आवाज ऐकू आला होता, हळू, तुटक, चोरून बोलल्यासारखा. त्याची पावलं वाजल्यावर तो बंद झाला होता.

कामाला तो हॉस्पिटलात गेला. त्याच्या मालकाकडे हॉस्पिटलच्या दोन लिफ्टचा ठेका होता आणि साथ आल्यापासून खाटेची मोठी लिफ्ट इतकी राबत होती की दर दोन दिवसांनी काहीतरी कुरकुरायचं. तळमजल्यावर तातडीचा विभाग, तिसऱ्या मजल्यावर ज्यांना श्वास पुरत नाही त्यांचा वॉर्ड. गच्चीवरच्या मशीनरूमच्या भिंतीवर त्याने खडूने दोन रांगा काढल्या होत्या. वरची रांग लस घेतलेल्यांची, खालची न घेतलेल्यांची. पेपरवाले काय छापतात, टीव्हीवर डॉक्टर काय बोलतात, यावर त्याचा विश्वास नव्हता, पण हातच्या काकणाला आरसा कशाला? दुरुस्ती आटोपली की खाट लिफ्टमध्ये ढकलणाऱ्या मामांना तो विचारायचा, "काय मामा, हे घेतलेले का?" मामा खाटेच्या पायथ्याशी लावलेला कागद बघून सांगायचे. घेतलेले. दोन्ही घेतलेले. हे पण घेतलेले. मग कधीतरी, न घेतलेले. वर गेल्यावर तो रेघ मारायचा. वरची रांग दाराच्या चौकटीपर्यंत पोचून वळली होती, खालची अजून खिडकीपाशीच घुटमळत होती. मामांनाही आता खेळ माहीत झाला होता, विचारायच्या आधीच सांगायचे, "मिस्त्री, मोठ्या रांगेत टाका." ज्या औषधाने वाचायचं, ते घेतलेलेच जास्त वर जातात. मग ते औषध आहे की काय आहे? पहिल्यांदा हा आकडा उमगला तेव्हा त्याला भीती वाटली होती, आणि भीतीच्या तळाशी थोडा आनंदही. सगळं जग एका बाजूला आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला, आणि आपण बरोबर.

मुलीला त्याने फोनवर हे सांगितलं होतं. ती लांब, दुसऱ्या शहरात नोकरीला. ऐकून ती मास्तरणीसारखी समजावायला लागली. "बाबा, शहरातल्या दहातल्या नऊ जणांनी लस घेतलीय. मग आजारी पडणाऱ्यांत घेतलेलेच जास्त दिसणार ना? उरलेल्या एकातून किती जण वर जातात ते बघा. आणि म्हाताऱ्यांनी सगळ्यात आधी घेतली, वर जाणारेही म्हातारेच असतात." तो म्हणाला, "मला आकडे शिकवू नकोस. मी डोळ्यांनी बघतो." "तुम्ही वर जाणारेच बघता, बाबा. घरी बसून दोन दिवस खोकून बरे झालेले तुमच्या लिफ्टमध्ये येतच नाहीत. त्यांच्या रेघा कुठे मारता?" हे फारच चोख बसलं, म्हणून त्याला संशय आला. हे तिचं बोलणं नव्हेच. जावयाने पढवलं असणार. किंवा हल्ली मोबाइलवर असलं तयार उत्तर मिळत असेल, तोंडपाठ करायचं आणि बापाला ऐकवायचं. "आईला तरी घेऊ द्या," ती शेवटी म्हणाली, आवाज बदलून. "तिला दमा आहे, बाबा. तिला काही झालं तर?" तो म्हणाला, "तिला काही होणार नाही. मी आहे ना." फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं होतं, काय म्हणत होती? तो म्हणाला, काही नाही, तुझी चौकशी करत होती. आज मशीनरूममध्ये मोटरला तेल घालताना त्याला वाटलं, मुलीने आईला वेगळा फोन केला असणार. पोरगी, बाई आणि बायको, तिघींनी मिळून केलं असणार. घरातली गोष्ट शेवटी घरातल्याच माणसाला कळत नाही.

त्यानंतर तो डोळ्यांत तेल घालून बघू लागला. कपाटातल्या गोळ्यांच्या पट्टीतून दोन गोळ्या कमी झाल्या होत्या, अंगदुखीच्या. गुरुवारी ती बाहेर जायचे कपडे घालून भाजीला गेली आणि एवढ्याशा भाजीला तासभर लागला. रात्री ती डाव्या कुशीवर वळत नव्हती. दंडावर खूण दिसते का म्हणून ती केस बांधत असताना तो मागे जाऊन उभा राहिला, पण बाही कोपरापर्यंत होती आणि इतक्या वर्षांच्या संसारात बायकोची बाही वर करून बघणं त्याला चोरासारखं वाटलं. ती आरशातून म्हणाली, "काय हवंय?" तो म्हणाला, "कुठे काय." मग त्याने सापळा लावला. जेवताना, ताटाकडे बघत, सहज विचारल्यासारखा म्हणाला, "काय गं, घेऊन टाकायची का आपण पण ती लस?" तिचा घास हातातच राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं. असं तिने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. कपाळावरची आठी गेली, चेहरा एकदम मोकळा झाला, डोळ्यांत काहीतरी चमकलं. "घेऊया म्हणता? खरंच? उद्या जाऊया?" पकडली, असं त्याला वाटलं. चोराच्या मनात चांदणं. आधीच घेऊन बसलेली बाई, आता नवऱ्याबरोबर राजरोस जायला मिळेल, खोटं झाकलं जाईल, म्हणून हिला उकळ्या फुटतायत. "थट्टा केली," तो म्हणाला. तिने घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "बरं."

हे 'बरं' त्याने पुढचा दिवसभर मनात उलटंपालटं करून बघितलं. बायकोवर संशय घेणं ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे, हे त्यालाही कळत होतं. दुसऱ्या पुरुषावरून संशय घेणारे नवरे त्याला माहीत होते, त्यांची कीव यायची. आपला संशय एका सुईवरून. कुणाला सांगितलं तर हसेल. पण त्याला हसू येत नव्हतं. आत कुठेतरी लागलं होतं. मी जपतोय हिला, आणि ही मला सोडून त्या सगळ्यांच्या बाजूला गेली. सांगायचं तरी. भांडायचं. एवढी वर्षं जिना चढून सोबत केली, ती काय नाइलाजाने? त्याला हा धंदा शिकवणारा आपला उस्ताद आठवला. मेला बिचारा, साथीच्या बऱ्याच आधी. तरुणपणी त्याने उस्तादाला विचारलं होतं, ही एकाच कंपनीची लिफ्ट रोज कशी बिघडते? दहातल्या आठ तक्रारी हिच्याच, इतकी भंगार लिफ्ट तुम्ही स्वतःच्या इमारतीत कशाला बसवून घेतली? उस्ताद पोट धरून हसला. "अरे वेड्या, या शहरात दुसरी लिफ्ट आहेच कुठे? जिकडेतिकडे हीच, तर बिघडलेलीही हीच दिसणार. ज्या दुसऱ्या कंपनीच्या मोजून चार आहेत, त्यातल्या दोन कायम आपल्याकडे पडलेल्या असतात, ते नाही दिसत तुला? आपण वैद्यासारखे, बाबा. आपल्या दारात धडधाकट कोण येतो?" तेव्हाही त्याला खरं वाटलं नव्हतं. कंपनीने उस्तादाला काहीतरी चारलं असणार, असं त्याने ठरवून टाकलं होतं आणि त्या दिवसापासून तो जिन्याने जायला लागला. आज हे नेमकं का आठवावं, ते त्याला समजेना, आणि आठवलं ते आवडलंही नाही.

ताप तिला सोमवारी आला. मंगळवारी खोकला. बुधवारी दुपारी तो घरी आला तेव्हा ती पलंगावर उशांना टेकून बसली होती, तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि एकेक श्वास कुठून तरी खालून ओढून काढत होती. त्याने हाक मारली तर तिने नुसता हात हलवला. डावा. अॅम्ब्युलन्सची माणसं आली, त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि सरळ लिफ्टकडे वळवलं. "जिन्याने न्या," तो म्हणाला. त्यांतला एक जण त्याच्याकडे नुसता बघत राहिला. "साहेब, श्वास बघा त्यांचा," एवढंच म्हणाला. दार लागलं. तो जिन्यावरून धावत सुटला, प्रत्येक मजल्यावर जाळीतून दिसणारे दोर बघत, आणि दोर शांतपणे सरकत होते. दुसऱ्या मजल्यावर बाई दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. "नेताय ना? न्या, न्या लवकर," त्या म्हणाल्या, "मी तिला कितीदा म्हटलं..." पुढचं ऐकायला तो थांबला नाही. पण ते अर्धं वाक्य त्याने छातीत घट्ट धरून ठेवलं. कितीदा म्हटलं, आणि मग? म्हटल्यावर काय झालं? गेली असणार. गेलीच असणार. खालच्या पायरीवर पोचेपर्यंत त्याच्या ध्यानात आलं की आपण हे वेगळ्याच आवाजात म्हणतोय. इतके दिवस जे पकडायला टपलो होतो, ते आता दोन्ही हातांनी मागतोय.

त्याच हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात तिला खाटेवर घेतलं, नाकातोंडावर मास्क चढवला, बोटाला चिमटा लावला. चिमट्यावरचा आकडा बघून सिस्टरने दुसऱ्या सिस्टरकडे बघितलं, आणि ते त्याने बघितलं. "दमा आहे का? साखर? लस घेतलीय?" सिस्टरने लिहिता लिहिता विचारलं. हा प्रश्न त्याने मामांना किती वेळा विचारला होता, बाजूच्या भिंतीला टेकून, हातात पाना घेऊन. "घेतली असेल," तो म्हणाला. "असेल म्हणजे? घेतलीय की नाही?" "सिस्टर, तिचा हात दुखत होता. डावा. गुरुवारी तासभर बाहेर होती. गोळ्या खाल्ल्यात तिने, दोन. आमच्याकडे एक बाई आहेत, त्या सगळ्यांना नेतात, त्यांनी..." सिस्टरने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. वेड्याकडे बघावं तसं नव्हतं ते, थकलेलं होतं. "काका, तुम्ही तिचे कोण?" "नवरा." "मग तुम्हाला माहीत नाही?" नाही, त्याला माहीत नव्हतं. एक एक पुरावा गोळा करून त्याने जी फिर्याद रचली होती, तीच आता तो तिच्या बाजूने मांडत होता, आणि त्याला वाटत होतं, देवा, आयुष्यात एकदा तरी माझा संशय खरा निघू दे. हिने मला फसवलेलं असू दे. या क्षणी सगळ्यात गोड गोष्ट तीच होती, बायकोचं खोटं.

खाट लिफ्टकडे निघाली. खालचे मामा त्याला ओळखत होते, पण तोंड झाकणाऱ्या मास्कमुळे खाटेवर कोण आहे हे त्यांना कळलं नव्हतं, ते म्हणाले, "या ना मिस्त्री, आत या, तुमचीच लिफ्ट." दार उघडं होतं. त्याने उंबऱ्याच्या फटीकडे पाहिलं, खाली काळा खड्डा होता, तो त्याला पाठ होता. तो आत गेला. दार लागलं आणि लिफ्ट उचलली गेली, त्याने स्वतः परवा ब्रेक बसवला होता, जराही हिसका बसला नाही. तो तिच्या कानाशी वाकला. "अगं, मी रागावणार नाही. शपथ. गेली होतीस ना बाईंबरोबर? घेतलीस ना?" तिचे डोळे उघडे होते. तिने मान हलवली, इकडून तिकडे. त्याला वाटलं, नीट कळलं नाही तिला. "घेतलीस ना? सांग. हात दुखत होता तुझा." तिने मास्क जरासा उचलला. "कुठे... घेणार? तुम्ही... नको म्हणाला होतात ना." "मग हात?" "कठडा... धरून चढते हो. दम लागतो. ओढून... घेते वर." थोडा श्वास. "बाईंनी... खुर्ची ठेवली. बसते जरा." मग, त्याचा चेहरा बघून, त्यालाच धीर द्यावा तशी म्हणाली, "तुमचा शब्द... मोडलाय का कधी?" मामांनी मास्क तिच्या तोंडावर परत बसवला. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, मजल्याच्या बरोबरीने, जशी थांबायला हवी तशी.

वॉर्डाची माणसं बाहेर आली, त्यांनी खाट ओढून घेतली, काचेचं दार झुलून बंद झालं. त्याला आत जायला मनाई होती. तो लिफ्टशेजारच्या भिंतीला टेकून उभा राहिला. खिशात हात गेला तर खडू लागला. त्याला दिसलं ते जेवणाचं ताट आणि तिचा मोकळा झालेला चेहरा. उद्या जाऊया? तो मोजायला लागला; दुसरं काही येत नव्हतं त्याला. आपल्या इमारतीत माणसं किती? असतील चाळीस-पन्नास. सगळ्यांना बाईंनी नेऊन आणलं. त्यांतले निम्मेअधिक या महिन्यात खोकले, घरात बसले, बरे झाले. तळमजल्यावरचे आजोबा तेवढे इथे वर आले आणि आठवड्याने आपल्या पायांनी घरी गेले. त्यांची रेघ त्याने मोठ्या रांगेत मारली होती, मोठ्या समाधानाने. आणि न घेतलेले किती? त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा दोनच आले. तो आणि ती. दोघांतलं एक आत. खिडकीपाशी घुटमळणारी ती छोटी रांग, जिच्या छोटेपणावर त्याने आपला आणि तिचा जीव ठेवला होता, ती मूठभर माणसांतून आलेली होती, आणि मुठीत आता काही उरलं नव्हतं. उस्ताद पोट धरून हसत होता. लिफ्ट खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. कुणी अडकलं नाही. इतके दिवस ती अशीच ये-जा करत असणार, शेकडो वेळा, आणि त्याला बोलावणं न आल्यामुळे त्याने ते कधी पाहिलं नव्हतं.

काचेचं दार ढकलून वॉर्डातले मामा बाहेर आले. हातमोजे काढून डब्यात टाकले, कपाळ बाहीने पुसलं. हे वरचे मामा. लिफ्टपाशी मिस्त्री उभा दिसला म्हणून त्यांना वाटलं, नेहमीसारखा कामावरच आहे. "काय मिस्त्री, आज विचारलं नाहीत?" ते म्हणाले. "आत्ता नेली ना ती बाई, ती न घेतलेली. लहान रांगेत टाका."

"माहीत आहे," तो म्हणाला.